आरसा, पंखा आणि मनातलं वाक्य

अकरा वर्षं मी पंख्याखाली बसलो नाही. कुठल्याही खोलीत शिरलो की आधी नजर छताकडे जायची, मग भिंतीलगतच्या खुर्चीकडे. तिशीतच केस विरळ झाले होते आणि डावीकडचे लांब वाढवलेले केस उजवीकडे आणून बसवण्यात रोज सकाळची वीस मिनिटं जायची. गाडीची काच कायम वर. पोहणं बंद. सहलीचा विषय निघाला की 'कामं आहेत' हे उत्तर तयार. यातलं एक अक्षरही मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिने तिच्या परीने अर्थ लावून ठेवला होता: याला माझ्याबरोबर कुठे जावंसं वाटत नाही.

म्हणजे केस माझे गेले आणि अबोला दोघांत आला. मधल्या मध्ये काय घडलं, ते उलगडून पाहायला मला समुपदेशकाकडे बरेच महिने जावं लागलं. मी डॉक्टर नाही. तिथे शिकलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं इथे क्रमाने मांडतो आहे. प्रत्येक पायरी प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही, पण पहिल्या दोन टाळू नका.

आधी थोडी ओळख

पॉल शिल्डर या ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञाने १९३५ साली देहप्रतिमेचं साधं वर्णन केलं: आपल्या शरीराचं आपण मनात तयार करतो ते चित्र. या चित्रात डोळ्यांना दिसतं ते असतंच, शिवाय त्याबद्दल काय वाटतं, काय विचार येतात आणि त्यापायी आपण काय करतो किंवा टाळतो, हेही असतं. म्हणून चारचौघांत देखणी म्हणवली जाणारी माणसं आरशासमोर रडतात आणि चेहऱ्यावर भाजल्याचा डाग असलेला एखादा माणूस निवांत फोटो काढून घेतो. दिसणं आणि दिसण्याबद्दल वाटणं यांची गाठ आपण समजतो तेवढी पक्की नाही.

दुसरी गोष्ट विचारांची. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक या दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच मुद्दा पुढे आणला. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो. तो इतका झटकन येऊन जातो की आपल्याला फक्त भावना कळते. आरशात पोट दिसलं आणि दिवस वाईट गेला, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आरसा आणि वाईट दिवस यांच्यात एक वाक्य बोललं गेलेलं असतं. सगळं काम त्या वाक्यावर करायचं आहे.

पायरी पहिली: वाक्य पकडा

दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. मोबाइलही चालेल, पण हाताने लिहिताना वेग कमी होतो आणि इथे तोच हवा आहे. शरीरावरून मन खट्टू झालं की चार गोष्टी लिहायच्या: काय घडलं, मनात नेमके कोणते शब्द आले, काय वाटलं, मग मी काय केलं. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी:

'मंगळवार, सकाळी ९. बैठकीआधी लिफ्टच्या आरशात डोकं दिसलं, वरून दिवा. शब्द: मागे बसलेले सगळे माझी टाळूच बघणार. वाटलं: लाज, पोटात गोळा. केलं: सर्वात मागे जाऊन बसलो. जो प्रश्न विचारायचा होता तो विचारला नाही.'

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच गाळतात. टकलाने माझं त्या दिवशी काही नुकसान केलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाने केलं. दोन आठवड्यांनी वही चाळलीत की दिसेल, वाक्यं फार नसतात. चार-पाचच असतात, कपडे बदलून परत परत येतात.

या टप्प्यावर वाक्य बदलायचा किंवा हुसकून लावायचा प्रयत्न करू नका. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली एका प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. लोकांच्या डोक्यात अस्वल येतच राहिलं, आणि नंतर विचाराची मुभा मिळाल्यावर तर आणखी जास्त आलं.

पायरी दुसरी: 'च' आणि 'म्हणून' शोधा

विचारांच्या चुकीच्या सवयींच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या पाठ करून मला काडीचा उपयोग झाला नाही. मला दोन मराठी शब्दांनी मदत केली.

पहिला 'च'. 'मी जाडच दिसते.' 'माझ्याकडे कोणी बघणारच नाही.' 'फोटोत मी नेहमीच वाईट येतो.' वहीतल्या वाक्यांमधले सगळे 'च' आणि त्यांचे भाऊबंद, म्हणजे नेहमी, कधीही, सगळे, कोणीही, यांच्याभोवती गोल काढा. मग तेच वाक्य त्यांच्याशिवाय लिहा आणि विचारा: कशात, केव्हा, कोणाला? 'मी जाडच दिसते' या वाक्यापुढे काही करता येत नाही. 'या शर्टात बसल्यावर माझं पोट मला पुढे आलेलं दिसतं' याच्यापुढे बरंच काही करता येतं. सैल शर्ट घालता येतो, उभं राहता येतं, नाहीतर पोट बसल्यावर पुढे येणारच म्हणून सोडून देता येतं. (हा 'च' चालेल. त्याला पुरावा आहे.)

दुसरा शब्द 'म्हणून'. माझं टक्कल खरं होतं. 'तू छान दिसतोस' असं कितीही घोकलं तरी ते खरंच राहणार होतं. पण माझं वाक्य तिथे थांबत नव्हतं. टक्कल आहे, म्हणून मी म्हातारा दिसतो, म्हणून बायकोला माझी लाज वाटत असणार, म्हणून तिला एकटीलाच जाऊ दे. पहिलं विधान निरीक्षण आहे. पुढचे तीन 'म्हणून' मी जोडले होते, आणि त्यांतल्या एकाचाही पुरावा माझ्याकडे नव्हता. वहीत प्रत्येक 'म्हणून' आला की उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे निरीक्षण, उजवीकडे ऐकीव गोष्ट.

उजवीकडच्या भागात बहुधा मनकवडेपणा सापडेल. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं, आणि ते नेहमी माझ्या विरोधातलं असतं! कधी भावनेलाच पुरावा मानलेलं असेल: मला घाणेरडं वाटतंय, त्याअर्थी मी घाणेरडी दिसते. कधी राईचा पर्वत. नावं महत्त्वाची नाहीत, रेघ मारणं महत्त्वाचं.

मग त्या जागी काय लिहायचं? तुमचा स्वतःचा विश्वास बसेल असं काहीतरी. आरशासमोर 'मी सुंदर आहे' म्हणायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासात 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं वाक्य लोकांना मनात म्हणायला लावलं, तेव्हा ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी होतं त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच प्रतिवाद करतं. त्यापेक्षा 'मला टक्कल आहे. बायकोला त्याचं काय वाटतं हे मी तिला विचारलेलं नाही' असं सपक वाक्य जास्त टिकतं.

पायरी तिसरी: आरसा आणि फोटो यांच्याशी व्यवहार ठरवा

मोजा: दिवसातून किती वेळा आरसा, काच, मोबाइलचा कॅमेरा यांत स्वतःला तपासता? काही जण वीस-तीस वेळा बघतात, काही जण आरशांवर पडदा टाकतात. दोन्हीमुळे भीती वाढते. तपासणाऱ्याची पद्धत बहुतेक वेळा अशी असते: नाक आरशाला टेकवायचं, नावडता भाग शोधायचा, तोच पाहायचा आणि निघायचं. इतक्या जवळून कुठल्याही माणसाचं कुठलंही रोमरंध्र विहिरीएवढं दिसेल.

पद्धत बदला. हातभर लांब उभं राहा, पूर्ण अंग दिसेल असं. डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू नजर उतरवत मोठ्याने वर्णन करा, जसं की एखाद्या अनोळखी माणसाला फोनवर सांगताय. रंग, आकार, लांबी. 'बेढब', 'थोराड', 'खप्पड' असले निवाडे करणारे शब्द बाद. नावडत्या भागावर इतर भागांइतकाच वेळ. तीन-चार मिनिटं पुरे, आणि निघताना नजर पूर्ण शरीरावर हवी. पहिले काही दिवस हे मूर्खपणाचं वाटतं. मला तर हसू आवरत नव्हतं, पण ते लाजेपेक्षा बरं. ज्यांचे तासन्‌तास आरशापुढे जातात किंवा ज्यांचं खाण्याशी बिनसलं आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग तज्ज्ञाच्या सोबतीनेच करावा.

फोटोंबद्दल दोन गोष्टी कळल्यावर माझा बराच छळ थांबला. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं पाहतो. १९७७ साली झालेल्या एका अभ्यासात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना सरळ फोटो. 'हा मी नव्हेच' हे वाटणं सवयीतून येतं. मित्राला तोच चेहरा ओळखीचा असतो. दुसरी गोष्ट अंतराची: साधारण ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद भासतं. २०१८ मध्ये हे गणिताने मांडून दाखवलं गेलं. सेल्फी पाहून नाकावर शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने आधी हात लांब करून पाहावा.

पायरी चौथी: लपवाछपवी एकेक करून सोडा

विचार तपासून डोकं पटतं, पण पोटातला गोळा जात नाही. तो जातो कृतीने. आपण शरीर लपवायला जे जे करतो, जसं उन्हाळ्यात जॅकेट, फोटोत कायम मागची रांग, हसताना तोंडावर हात, माझ्या बाबतीत भिंतीलगतची खुर्ची, त्यातून तात्पुरतं सुटल्यासारखं वाटतं. मनाचा मात्र समज होतो की लपवलं म्हणूनच वाचलो. खरंच दिसलं असतं तर काय झालं असतं, हे तपासायची संधीच त्याला मिळत नाही.

लपवण्याच्या सगळ्या युक्त्या लिहा आणि प्रत्येक सोडण्याच्या भीतीला ० ते १०० पैकी गुण द्या. माझी उतरंड अशी होती: घरात पंख्याखाली बसणं २०, गाडीची काच उघडणं ३५, मित्राच्या घरी पंख्याखाली ५०, केस बारीक कापून कामावर जाणं ८०, पोहायला जाणं ९५. सोप्यापासून सुरुवात करायची. प्रत्येक वेळी जाण्याआधी भाकीत लिहायचं, आल्यावर निकाल लिहायचा. आणि भीती चढली की पळायचं नाही. ती थोडी उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. तीच पायरी तीन-चार वेळा केल्याशिवाय पुढची नाही.

केस कापून गेलो त्या दिवसाचं भाकीत: 'दिवसभर हाच विषय असेल.' निकाल: दोघांच्या लक्षात आलं. तिसऱ्याने बराच वेळ निरखून विचारलं, "चष्मा बदललास का?"

थॉमस गिलोविच यांनी हेच प्रयोगाने दाखवलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात आलं ते जेमतेम पाव लोकांच्या. बाकीचे आपापला टी-शर्ट सांभाळत असावेत.

पायरी पाचवी: तुलनेचा रतीब कमी करा

इथे फार सांगण्यासारखं नाही. मोजपट्टी नसेल तिथे माणूस दुसऱ्या माणसाकडे बघून स्वतःला मोजतो, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ सालीच मांडलं. हल्ली तो दुसरा माणूस निवडून, रंगवून, गाळून आपल्यापुढे येतो. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला; तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची पुन्हा पाहणी केली, तेव्हा खाण्याच्या बिघडलेल्या सवयी दाखवणाऱ्यांचं प्रमाण १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. पाहिल्यावर स्वतःच्या अंगाचा राग येतो अशी खाती एका बैठकीत काढून टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पायरी सहावी: दोघांतलं वाक्य बाहेर काढा

ज्याला स्वतःबद्दल कमीपणा वाटतो, तो जोडीदाराच्या मनातली आपली किंमतही कमी धरतो, प्रत्यक्षात असते त्यापेक्षा कमी. सँड्रा मरे आणि सहकाऱ्यांचं २००० सालचं संशोधन हे सांगतं. पुढचा भाग जास्त काळजीचा आहे: नाकारलं जाण्याच्या भीतीने तो आधीच हातभर मागे सरतो. समोरच्याला फक्त ते मागे सरणं दिसतं.

आमच्या घरी हे एका रात्री बाहेर आलं. मी धीर करून म्हणालो, "मला माझ्या केसांची लाज वाटते. म्हणून मी कुठे येत नाही." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस इतकी वर्षं कोण काढतंय असं वाटतं तुला?" मला ते लपलेलं वाटत होतं! तिचा राग टकलावर नव्हताच, अकरा वर्षांच्या 'कामं आहेत'वर होता.

तेव्हा सांगताना वाक्याची रचना सांभाळा: काय घडलं, मला काय वाटलं, मी काय केलं, आता काय हवंय. 'तुला माझी लाज वाटते' ही रेघेच्या उजवीकडची गोष्ट आहे, ती आरोपासारखी ऐकू येते. 'फोटोच्या वेळी मी बाजूला झाले, कारण मला माझंच नकोसं झालं होतं. तू त्या वेळी हात धरलास तर बरं वाटेल' यावर समोरच्याला काही करता येतं.

"मी जाड दिसते का?" या प्रश्नाबद्दल वेगळं लिहायला हवं. "नाही गं" हे उत्तर पाच मिनिटं पुरतं. मग 'बरं वाटावं म्हणून म्हणाला' अशी शंका, मग पुन्हा तोच प्रश्न. शेवटी उत्तर देणारा वैतागतो आणि त्या वैतागालाच खरं उत्तर मानलं जातं. विचारणाऱ्याने प्रश्न अर्धा तास पुढे ढकलून पाहावा. पुष्कळदा तो विरून जातो. उत्तर देणाऱ्याने दिसण्यावर वाद घालू नये. "आज काही झालं का?" असं विचारावं. बहुधा काहीतरी झालेलं असतंच. आणि "मग व्यायाम कर ना" हे कधीही बोलू नये, विशेषतः मागितलेलं नसताना.

शरीरसंबंधांत हे सगळं जास्त टोचतं. स्पर्श सोडून मन छतावर जाऊन बसतं आणि वरून आपलं पोट कसं दिसतंय ते पाहत राहतं. लैंगिक संबंधांचा अभ्यास करणाऱ्या मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० साली याला प्रेक्षकाची भूमिका म्हटलं होतं. उपाय कळायला सोपा, करायला सरावाचा: मन वर गेलं हे लक्षात आलं की एका संवेदनेवर परत यायचं. तळहाताची ऊब, श्वास, त्वचा. शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा. दिवा बंद ठेवावासा वाटत असेल तर ठेवा. पण तीही उतरंडीवरची एक पायरी धरा आणि जोडीदाराला तसं सांगा.

उरले नातेवाईक. भेटल्या भेटल्या "किती सुटलीस!" किंवा "किती वाळलास!" म्हणणाऱ्यांना प्रवचन देऊन फरक पडत नाही. एक वाक्य आधी घोटून ठेवा. बरोबरीच्यांना: "माझं वजन सोडून काहीही विचार." मोठ्यांना: "काकू, माझं राहू दे, तुमचे गुडघे कसे आहेत?" पन्नास टक्के वेळा तरी विषय गुडघ्यांकडे जातो. घरात मुलं असतील तर त्यांच्यासमोर स्वतःच्या शरीराला शिव्या घालणं आजच थांबवा. आरशाशी कसं बोलायचं हे ती आपल्याकडूनच उचलतात.

पायरी सातवी: तज्ज्ञाकडे केव्हा जायचं

इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ वाटणाऱ्या व्यंगाचा विचार रोज तास-तासभर किंवा त्याहून जास्त पाठ सोडत नसेल, त्यापायी नोकरी, अभ्यास, बाहेर पडणं सुटत असेल, तर तो स्वतंत्र आजार असू शकतो. शंभरात साधारण दोघांना तो असतो. या माणसांची पावलं त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडे वळतात, पण शस्त्रक्रियेने समाधान क्वचितच मिळतं. तक्रार दुसऱ्या भागावर सरकते. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती आणि नैराश्यावर वापरली जाणारी काही औषधं यांचा मात्र उपयोग होतो.

जेवण टाळणं, खाऊन मुद्दाम उलटी करणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, व्यायाम चुकला तर अपराधी वाटणं, ही चिन्हं वजन 'नॉर्मल' असतानाही धोक्याची असतात. उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो हे १९४४-४५ मधल्या मिनेसोटा प्रयोगात दिसलं. ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचा विचार करू लागले. मनाची ताकद कमी पडते म्हणून खाण्याचा विचार सुटत नाही, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्वतःला इजा करण्याचे किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वही-बिही बाजूला ठेवा. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि डॉक्टर गाठा.

पहिल्या भेटीला वही घेऊन जा. फक्त 'टेन्शन आहे' म्हणू नका. दिवसाचे किती तास जातात, काय काय टाळता, खाण्यात काय बदल केलेत, हे आकड्यांत सांगा. लाज वाटून लोक नेमकं हेच गाळतात आणि डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतात.

मी पहिल्या भेटीत केसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. पाऊण तास कामाच्या ताणाबद्दल बोललो. समुपदेशक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग खोलीच्या मधोमध ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "ती आरामाची होती. तुम्ही कोपऱ्यातलं स्टूल का घेतलंत?"

मी वर पाहिलं.